विनडीबीजी: अपग्रेडनंतर कोसळणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचं खरं कारण शोधून देणारा डीबगर

अपग्रेडनंतर व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) कोसळायला लागलं की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. मेमरी वाढवून बघायची, कोअर कमी करून बघायचे, थ्री-डी बंद करायचं, परत चालू करायचं, आणि शेवटी कंटाळून मशीन नव्याने उभं करायचं. यातलं एखादं कधी लागूही पडतं. पण नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या अपग्रेडला सगळं पहिल्यापासून सुरू होतं. मायक्रोसॉफ्टचा विनडीबीजी हा डीबगर, म्हणजे प्रोग्रामच्या चुका शोधायचं साधन, फुकट मिळतो, पण त्याच्याकडे वळणारे फार थोडे. तो फक्त कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, लिहिणाऱ्यांसाठी आहे असा समज पसरलेला आहे. मी प्रोग्रामर नाही. मी रेखाटनं काढते. तरीही माझ्या मशीनचा रोग मला त्यानेच दाखवला, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

माझी अडचण आधी सांगते. मी वापरते ते रेखाटनाचं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्याचं लायसन्स विंडोज १० च्या एका ठरावीक इन्स्टॉलेशनला बांधलेलं आहे आणि ते आता दुसरीकडे हलवून मिळत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ते मशीन नेटपासून तोडून विंडोज ११ च्या होस्टवर (बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरवर) व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवते. म्हणजे "पुसून टाक आणि नवीन टाक" हा सल्ला माझ्या कामाचाच नाही. ते इन्स्टॉलेशन गेलं तर वर्षानुवर्षांच्या फाइल उघडायची सोय गेली. होस्टवरचं व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर मोठ्या आवृत्तीला अपग्रेड केलं आणि गेस्टमध्ये, म्हणजे आतल्या मशीनमध्ये, ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याची निळी पाटी) यायला लागले. कधी रेखाटन फिरवताना, कधी नुसती खिडकी मोठी करताना, कधी काहीच करत नसताना. त्या सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. पुढे जे लिहिते आहे ते कोणाच्याही व्हर्च्युअल मशीनला तसंच लागू आहे.

डीबगर उघडण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: कोसळलं कोण? गेस्टमधलं विंडोज, की होस्टवर ते मशीन चालवणारी प्रोसेस? दोन्हींत खिडकी बंद झालेलीच दिसते, पण तपास अगदी वेगळा. गेस्ट कोसळला असेल तर त्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बगचेकची (विंडोज कोसळल्याची) १००१ नंबरची नोंद मिळते, तिच्यात कोसळण्याचा प्रकार सांगणारा स्टॉप कोड असतो. नुसती कर्नल-पॉवर ४१ ही नोंद असेल तर तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद झालं नव्हतं. वीज गेली तरी ४१ येते. गेस्टमध्ये ४१ आहे, १००१ नाही आणि डंपही (कोसळतानाच्या मेमरीची फाइलमध्ये साठवलेली नक्कल) नाही, तर संशय होस्टकडे न्यायचा. माझ्याकडे १००१ च्या नोंदींची रांग होती, म्हणून मी गेस्टमध्ये शिरले.

विनडीबीजी डंप वाचतो, त्यामुळे डंप नीट पडायची व्यवस्था आधी हवी. गेस्टच्या सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबखाली स्टार्टअप अँड रिकव्हरी आहे. तिथे आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढली की ब्लू स्क्रीन पडद्यावर थांबतो आणि कोड वाचता येतो. डंपचा प्रकार ऑटोमॅटिक किंवा कर्नल ठेवावा. सिस्टिम ड्राइव्हवर पेज फाइल (मेमरीला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) असायला हवी, कारण कोसळताना विंडोज मेमरी आधी तिथे ओततं आणि पुढच्या बूटला तिची डंप फाइल बनवतं. व्हर्च्युअल डिस्क लहान ठेवण्यासाठी पेज फाइल काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तसं केलेलं असेल तर कितीही वेळा कोसळलं तरी हाती काही लागत नाही. मोठा डंप दर वेळी आधीच्यावर लिहिला जातो, पण विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये छोटे डंप एकेक करून साठत जातात. तपासात हे छोटे डंपच जास्त कामाला आले.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी: व्हर्च्युअल मशीन कोसळलं की आपला हात सवयीने मागच्या स्नॅपशॉटकडे (मशीनची आधी साठवून ठेवलेली स्थिती) जातो. डंप गेस्टच्या डिस्कवर असतो. स्नॅपशॉट मागे फिरवला की तोही पुसला जातो. आधी डंप बाहेर काढा, मग मागे फिरा. गेस्ट बूटच होत नसेल तर त्याची व्हर्च्युअल डिस्क होस्टला जोडून फाइल काढता येते, पण फक्त रीड-ओन्ली जोडा. स्नॅपशॉटची साखळी असलेल्या मूळ डिस्कवर काही लिहिलं गेलं तर ती साखळी तुटते.

आता प्रत्यक्ष विनडीबीजी. हा डीबगर विंडोज एनटीच्या काळापासून आहे. जुना चेहरा विंडोज एसडीकेबरोबर येतो आणि तो पाहून कोणीही मागे फिरेल. २०१७ मध्ये नवीन चेहऱ्याची प्रिव्ह्यू आवृत्ती आली आणि २०२३ मध्ये प्रिव्ह्यू हा शब्द गळून तीच मुख्य आवृत्ती झाली. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून किंवा विंगेटने एका ओळीत ती बसते. गेस्टमध्ये काहीच टाकावं लागत नाही, सगळं काम होस्टवर होतं. ज्या मशीनचा भरवसा उरलेला नाही त्यात आणखी एक सॉफ्टवेअर चढवायचं नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट मला फार सोयीची वाटली.

डंप उघडला की खाली कमांडची एक पट्टी आणि वर मजकूर. पहिल्यांदा उघडताना बराच वेळ नुसतं बिझी दिसतं. त्या वेळात तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून सिम्बॉल उतरवत असतो. सिम्बॉल म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांना फंक्शनची नावं देणाऱ्या फाइल. त्या नसतील तर पडद्यावर नुसते आकडे दिसतात आणि निष्कर्ष चुकीचे निघतात. नवीन आवृत्तीत सर्व्हरचा पत्ता आधीच भरलेला असतो. तरी सिम्बॉल चुकल्याची तक्रार आलीच तर आधी टिंब आणि सिमफिक्स, मग टिंब आणि रीलोड, अशा दोन कमांडमध्ये काम होतं. एकदा उतरलेले सिम्बॉल डिस्कवर राहतात, त्यामुळे त्याच मशीनचे पुढचे डंप झटपट उघडतात.

मग ती प्रसिद्ध कमांड: उद्गारचिन्ह, त्याला चिकटून ॲनालाइझ, मग जागा सोडून डॅश व्ही. टाइपसुद्धा करावी लागत नाही, निळ्या अक्षरांतल्या लिंकवर टिचकी मारली की झालं. ती स्टॉप कोडचा अर्थ साध्या इंग्रजीत लिहिते, चारही पॅरामीटर समजावते, त्या क्षणी चालू असलेली प्रोसेस दाखवते, स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्याची यादी) मांडते आणि शेवटी संशयिताचं नाव देते. बहुतेकांचा तपास इथेच भरकटतो. ती कोणाचं तरी नाव घेतेच, आणि माझ्या पहिल्या डंपला तिने विंडोजच्या कर्नलच्या फाइलचंच नाव घेतलं. आता कर्नलच बिघडलं असेल तर जगभर बोंब झाली असती. हे नाव दिसलं की त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की कोणीतरी आधी घाण करून गेलंय आणि कर्नल त्यावर घसरलंय.

म्हणून एका डंपवर कधीही थांबू नये. मी साठलेले सगळे मिनीडंप एकामागून एक उघडले आणि प्रत्येकाचा कोड, प्रोसेस आणि स्टॅकमधली परकी नावं विनडीबीजीच्याच नोट्स खिडकीत लिहीत गेले. परकी म्हणजे मायक्रोसॉफ्टची नसलेली. कोड वेगवेगळे होते: डी१, ५०, ३बी, आणि एका डंपमध्ये १०१. प्रोसेसही वेगवेगळ्या: कधी रेखाटनाचं सॉफ्टवेअर, कधी एक्सप्लोरर, कधी डेस्कटॉपच्या खिडक्या रंगवणारी प्रोसेस. कोड असे विखुरलेले असले की लोक "रॅम खराब आहे" म्हणून मोकळे होतात. होस्टची रॅम खराब असती तर होस्टनेही कुठेतरी रडायला हवं होतं. तो शांत होता.

डी१ च्या डंपमध्ये सगळं स्वच्छ दिसलं. डी१ म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने, जेव्हा पेज फॉल्ट (मेमरीत नसलेला भाग डिस्कवरून आणणं) चालत नाही अशा वरच्या पातळीवर, हात लावायला नको त्या पत्त्याला हात लावला. पहिला पॅरामीटर म्हणजे तो पत्ता, दुसरा ती पातळी, तिसरा वाचत होता की लिहीत होता, आणि चौथा हात लावणाऱ्या कोडचा पत्ता. स्टॅकमध्ये सगळ्यात वरची ओळ सगळ्यात ताजी असते. वर केई बग चेक ई-एक्स, त्याखाली बग चेक डिस्पॅच, त्याखाली पेज फॉल्ट. या तीन ओळी प्रत्येक डी१ मध्ये असतात, त्या ओलांडून जायचं. चौथ्या ओळीवर होता गेस्ट टूल्सचा, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या आणि गेस्टमध्ये बसवायच्या ड्रायव्हरांच्या संचातला, ग्राफिक्स ड्रायव्हर. त्याच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि नुसता एक आकडा, कारण परक्या कंपनीच्या ड्रायव्हरचे सिम्बॉल आपल्याला मिळत नाहीत. फंक्शन कळत नाही, पण घर कळतं. तपासाला तेवढं पुरतं.

पुढे एल-एम-व्ही-एम ही कमांड आणि त्यापुढे ड्रायव्हरचं नाव. ती ड्रायव्हरची फाइल, आवृत्ती आणि तारीख दाखवते. इथे एक खुबी माहीत असलेली बरी. विंडोज १० च्या स्वतःच्या फाइलींना हीच कमांड दिली तर तारीख विचित्र दिसते, कधी भविष्यातली, आणि शेजारी लिहिलेलं असतं की हा बिल्डचा हॅश आहे, वेळ नव्हे. ते पाहून फाइल बिघडली असं समजू नका. परक्या ड्रायव्हरांची तारीख मात्र बहुतेकदा खरी असते, आणि माझ्या ग्राफिक्स ड्रायव्हरची तारीख होस्टच्या नव्या आवृत्तीच्या कितीतरी आधीची निघाली. होस्ट पुढे गेला होता, गेस्टमधली टूल्स जुन्या आवृत्तीवर राहिली होती. गेस्टमधला ड्रायव्हर आणि होस्टने उभं केलेलं खोटं ग्राफिक्स कार्ड यांचं बोलणं सामायिक मेमरीतून चालतं. कुठला आकडा कुठे आणि किती जागेत लिहायचा यावर दोघांचं एकमत असावं लागतं. अपग्रेडने यातली एकच बाजू बदलते. अपग्रेड करणारा कार्यक्रम मात्र गेस्टमधली टूल्स आपोआप बदलतो असं नाही.

पण ५० आणि ३बी च्या डंपांत हा ड्रायव्हर स्टॅकमध्ये कुठेच नव्हता. मग ते कोणाच्या नावावर टाकायचे? अंदाजाने मी त्याच्याच नावावर टाकले असते, पण पुरावा हवा होता. त्यासाठी विंडोजमध्येच असलेला ड्रायव्हर व्हेरिफायर वापरला. व्हेरिफायर निवडलेल्या ड्रायव्हरांना वेगळ्या, कडक पहाऱ्यातल्या मेमरीत चालवतो. ड्रायव्हरने आपल्याला मिळालेल्या जागेपलीकडे एक बाइट जरी लिहिला तरी मशीन बहुतेकदा त्याच क्षणी कोसळतं. एरवी तो बाइट शेजाऱ्याच्या हद्दीत गुपचूप पडतो आणि बऱ्याच वेळाने कोणीतरी भलताच त्यावर आपटतो. ५० आणि ३बी असेच येतात.

खऱ्या कॉम्प्युटरवर व्हेरिफायर चालू करायला मन धजावत नाही, कारण मशीन बूट होता होताच कोसळत राहू शकतं आणि मग सेफ मोडमध्ये जाऊन तो रीसेट करावा लागतो. व्हर्च्युअल मशीनवर हीच गोष्ट सोपी आहे. स्नॅपशॉट घेतला, मायक्रोसॉफ्टचे सोडून बाकीचे ड्रायव्हर निवडले, स्टँडर्ड सेटिंग ठेवलं आणि रिस्टार्ट. रेखाटन उघडून खिडकीचा आकार बदलला तशी निळी पाटी आली. या वेळी कोड डी६ होता: ड्रायव्हरने आपल्या मेमरीच्या शेवटापलीकडे हात घातला. डंप विनडीबीजीत उघडला तर स्टॅकवर तोच ग्राफिक्स ड्रायव्हर, आणि या वेळी ॲनालाइझनेही कर्नलचं नाव न घेता सरळ त्याचं घेतलं. डी१ मध्ये दिसलेलं नाव आणि हे नाव एकच. मला हवा होता तो पुरावा मिळाला.

उपाय साधा निघाला, पण तो कुठल्या क्रमाने केला ते महत्त्वाचं आहे. डंप बाहेर काढून ठेवले, स्नॅपशॉटने व्हेरिफायरच्या आधी परत गेले, जुनी टूल्स काढली आणि रिस्टार्ट केलं. काढून टाकल्यावरही विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये जुनं पॅकेज पडून राहू शकतं आणि पुढच्या वेळी विंडोज तेच उचलून लावतं. पी-एन-पी-युटिल या कमांडने यादी काढून ते हटवलं. मग होस्टच्या आवृत्तीबरोबर आलेली टूल्स बसवली आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची आवृत्ती नवी दिसते का ते पाहिलं. मेमरी, कोअर, थ्री-डी यातलं काहीही त्याच वेळी बदललं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर कशाने बरं झालं हे पुन्हा कळलं नसतं. डी१, ५० आणि ३बी तिन्ही थांबले. जुन्या ड्रायव्हरच्या स्नॅपशॉटवर मुद्दाम परत जाऊन पाहिलं, तर तिथे ते पुन्हा येतात.

राहिला १०१. इथे विनडीबीजीची मर्यादा लागते. १०१ म्हणजे क्लॉक वॉचडॉग टाइमआउट: एका प्रोसेसरने ठरलेल्या वेळात घड्याळाच्या इंटरप्टला (हातातलं काम थांबवून लक्ष मागणारा इशारा) उत्तरच दिलं नाही. खऱ्या मशीनवर हा कोड आला की लोक प्रोसेसरच्या सेटिंगकडे बघतात. व्हर्च्युअल मशीनवर गेस्टचा प्रोसेसर म्हणजे होस्टच्या दृष्टीने एक थ्रेड, म्हणजे रांगेतलं एक काम. होस्ट इतर कामांत गुंतला आणि त्या थ्रेडला वेळच मिळाला नाही, तर गेस्टला वाटतं की आपला एक प्रोसेसर मेला. उद्गारचिन्हाची रनिंग ही कमांड प्रत्येक प्रोसेसर काय करत होता ते दाखवते. पण होस्टने गेस्टला का थांबवलं ते डंपमध्ये असूच शकत नाही, गेस्टला ते ठाऊकच नसतं. डीबगर गेस्टच्या भिंतींच्या आतलंच सांगतो. होस्टवर सिस्टिम इन्फर्मेशन उघडून पाहिलं तर व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी चालू होती. ती चालू असली, किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) किंवा विंडोज सँडबॉक्स वापरात असला, की हायपर-व्हीचा (मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशनचा) थर सगळ्यात खाली बसतो आणि इतर व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरला त्याच्या परवानगीने चालावं लागतं. वेग घटतो आणि वेळ चुकण्याची शक्यता वाढते. तो थर बंद करण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिलेला आढळेल. मी तो घेतला नाही, कारण त्याबरोबर होस्टचं संरक्षणही उतरतं. त्याऐवजी गेस्टचे कोअर कमी केले, होस्टचे कोअर मोकळे राहतील एवढे. जुन्या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरला तसेही जास्त कोअर वापरता येत नाहीत. त्यानंतर १०१ दिसलेला नाही.

गेस्ट निळा न होता नुसताच थिजत असेल तर डंपच पडत नाही. त्यालाही तोड आहे. बहुतेक व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरमध्ये होस्टवरून गेस्टला एनएमआय (प्रोसेसरला टाळता न येणारा इंटरप्ट) पाठवायची कमांड असते. ती दिली की गेस्ट ८० या कोडने मुद्दाम कोसळतो आणि थिजलेल्या क्षणाचा डंप मागे ठेवतो. खऱ्या मशीनवर यासाठी खास बटण लागतं, इथे एक ओळ पुरते.

आणि होस्टवरची प्रोसेसच मरत असेल तर? तेव्हाही विनडीबीजीच लागतो. होस्टच्या रजिस्ट्रीत विंडोज एरर रिपोर्टिंगखाली लोकल-डंप्स नावाची की बनवली की मेलेल्या प्रोसेसचा डंप युजरच्या ॲप-डेटामधल्या क्रॅश-डंप्स फोल्डरमध्ये पडतो. तिथेच डंप-टाइप २ दिला तर पूर्ण मेमरीसकट. तो विनडीबीजीत उघडून तीच ॲनालाइझ कमांड चालते. आतल्या कर्नलसाठी आणि बाहेरच्या प्रोसेससाठी एकच साधन आणि एकच सवय, हे मला त्याचं सगळ्यात मोठं बळ वाटतं.

आता खटकलेलं. नवीन माणसाला हा डीबगर काहीही शिकवत नाही. कमांडमध्ये टिंब कुठे, उद्गारचिन्ह कुठे आणि काहीच नाही कुठे, हे पाठच करावं लागतं. चुकलं तर उत्तर इतकं त्रोटक येतं की चूक टायपिंगची आहे की सिम्बॉलची तेच समजत नाही. ॲनालाइझचा मजकूर लांबलचक असतो आणि त्यातल्या निम्म्या ओळी आपल्यासारख्यांच्या उपयोगाच्या नसतात, पण कुठल्या निम्म्या ते कोणी सांगत नाही. मोठा कर्नल डंप उघडताना मध्येच सगळं गोठल्यासारखं वाटतं, तो काम करतोय की अडकलाय हे कळायला नीट खूण हवी होती. नेट नसलेल्या होस्टवर सिम्बॉल आणणं हे तर वेगळंच प्रकरण आहे, आधी हवी असलेल्या फाइलींची यादी बनवायची आणि नेट असलेल्या मशीनवरून त्या उतरवून आणायच्या. आणि सगळ्यात गंभीर तक्रार ही, की संशयिताचं नाव तो ठामपणे छापतो, त्यावर किती विश्वास ठेवावा ते छापत नाही. त्या एका ओळीवर भरवसा ठेवून निर्दोष ड्रायव्हर उडवणारे लोक मी पाहिले आहेत.

नीरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू याहून कितीतरी सोपं आहे. मिनीडंपचं फोल्डर दाखवलं की सगळे कोड आणि स्टॅकवर सापडलेले ड्रायव्हर तक्त्यात येतात. पहिली नजर टाकायला, कोड विखुरलेले आहेत की एकच पुन्हा येतोय हे बघायला ते छान. पण ५० आणि ३बी च्या बाबतीत ते मला पुढे नेऊ शकलं नसतं, कारण त्या डंपांत दोषी ड्रायव्हर स्टॅकवर नव्हताच. मशीन नव्याने उभं करणं ज्यांना परवडतं त्यांनी ब्लूस्क्रीनव्ह्यूवर थांबायला हरकत नाही. माझ्यासारखं ज्यांचं काम एका न बदलता येणाऱ्या इन्स्टॉलेशनवर उभं आहे, त्यांनी एक सुटीचा दिवस काढून विनडीबीजीच्या चार-पाच कमांड हातात बसवाव्यात: ॲनालाइझ, स्टॅक दाखवणारी के, एल-एम-व्ही-एम, रनिंग, आणि सगळं फाइलमध्ये उतरवून घेणारी लॉग-ओपन.

शेवटच्या कमांडचा उपयोग मदत मागताना होतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना "अपग्रेडनंतर क्रॅश होतंय" एवढंच लिहिलं तर "पुन्हा इन्स्टॉल करा" असं ठरलेलं उत्तर येतं. डी६ चा कोड, स्टॅक, ड्रायव्हरची आवृत्ती आणि होस्टची आवृत्ती असं लॉगमधून उचलून पाठवलं तर बोलणं वेगळ्याच पातळीवर सुरू होतं, हा माझा अनुभव. मात्र पाठवायचा तो लॉग, तोही आधी वाचून. पूर्ण डंप कोणी मागितला तर तो उघड्या लिंकवर ठेवू नका. त्या क्षणी मेमरीत जे काही होतं ते त्यात असतं: उघडलेल्या फाइलींचे तुकडे, टाइप केलेला मजकूर, पासवर्डसुद्धा. मिनीडंपमध्ये यातलं फार थोडं येतं, म्हणून मी आधी तोच पाठवते, आणि मोठा डंप फक्त समोरच्याने तो का हवा ते नीट सांगितल्यावर, पासवर्ड लावलेल्या फाइलमधून.